आई-वडील दुबईला येताहेत? गाडी नसताना शहर आणि आसपासच्या सहली कशा कराव्यात

माझे आई आणि नाना साक्री तालुक्यातल्या गावाहून पहिल्यांदा दुबईला आले, तेव्हा आम्हाला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गाडी नव्हती, रस्ते ठाऊक नव्हते. म्हणून एका टूरवाल्याकडून 'एका दिवसात अबू धाबी' घेतलं. मशिदीत चाळीस मिनिटं, बाकी सगळं काचेतून. संध्याकाळी आईला विचारलं, काय आवडलं? ती म्हणाली, "बसमधला गारवा बरा होता."

ते मला फार लागलं. पुढच्या खेपेला सगळं आम्ही स्वतः केलं, मेट्रो आणि सरकारी बसने. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. नव्याने आलेल्यांनाही उपयोगी पडेल, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते साठीच्या पुढचे आई-वडील. दोन गोष्टी आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे: एका दिवशी एकच दिशा धरायची, आणि दुपारी बारा ते चार ही वेळ उन्हाला देऊन टाकायची, म्हणजे छताखालीच राहायचं.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

नोव्हेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा हा खरा फिरण्याचा काळ. उन्हाळ्यात इथे उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांनाही १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कायद्याने विश्रांती द्यावी लागते. यावरून काय ते समजा. आपल्याकडचं खानदेशातलं ऊन कोरडं असतं, सावलीत गेलं की जीव थाऱ्यावर येतो. इथे समुद्राची दमट हवा त्यात मिसळते आणि सावलीही उपयोगाची राहत नाही.

शाळांच्या सुट्टीमुळे बरेच जण मे-जूनमध्ये आई-वडिलांना बोलावतात. शक्य असेल तर टाळा. ग्लोबल व्हिलेज, मिरॅकल गार्डन अशा उघड्यावरच्या जागा उन्हाळ्यात बंदच असतात.

रमझान कधी आहे तेही पाहून ठेवा. पुढची काही वर्षं तो हिवाळ्यात, म्हणजे नेमका हंगामात येणार आहे. हॉटेलं उघडी असतात, पण संग्रहालयांच्या वेळा बदलतात आणि दिवसा रस्त्यात उभं राहून खाणं-पिणं बरं दिसत नाही. संध्याकाळी मात्र शहर फार सुंदर असतं. रमझानात येऊच नका असं मी म्हणणार नाही.

२. कागदपत्रं, आणि बॅगेत काय नको

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- पासपोर्ट आणि व्हिसा, दोन्हींची छापील प्रत आणि मोबाइलमध्ये फोटो
- प्रवास विमा (साठीच्या पुढच्यांसाठी तो नीट वाचून घ्या, जुन्या आजारांचं कलम विशेषतः)
- तुमचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, दोघांच्या खिशात वेगवेगळी
- रोजची औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी

औषधांबाबत गाफील राहू नका. आपल्याकडे सहज मिळणारी काही खोकल्याची आणि वेदनेची औषधं, म्हणजे ज्यांत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असतं ती, इथे नियंत्रित आहेत. ती आणायची असतील तर इथल्या सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची: खसखस. इथे खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांत धरली जाते. मुलीसाठी अनारसे करून आणणारी आई हे चित्र किती गोड आहे, पण अनारसे खसखशीवरच थापलेले असतात. काही घरांत गोड्या मसाल्यातही ती असते. आईला फोन करून हे स्पष्ट शब्दांत सांगा. "थोडीशीच आहे" हे उत्तर विमानतळावर चालत नाही. शंकरपाळे, चकल्या, बेसनाचे लाडू निर्धास्त आणू देत.

एक तांत्रिक अडचणही सांगून ठेवते: व्हॉट्सॲपवरून बोलणं इथे सहसा लागत नाही, फक्त निरोप जातात. मेट्रोत चुकामूक झाली तर वडील व्हॉट्सॲप कॉलच लावत बसतात. म्हणून पहिल्याच दिवशी दोघांपैकी एकाला तरी इथलं सिम घेऊन द्या.

३. नोल कार्ड आणि मेट्रो

मेट्रो, सरकारी बस, ट्राम यांना एकच कार्ड चालतं, त्याचं नाव नोल. साधं चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं आणि त्यात १९ दिरहम प्रवासासाठी शिल्लक असतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. भाडं टप्प्यांवर: एका झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या दोन झोनमध्ये ५, त्यापुढे साडेसात.

चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बसमधून उतरताना ज्येष्ठ मंडळी हमखास विसरतात आणि मग जास्तीचं भाडं कापलं जातं.

मेट्रोच्या लाल आणि हिरव्या अशा दोन मार्गिका, युनियन आणि बुरजुमान या दोन स्थानकांवर एकमेकींना मिळतात. गाडीचा एक भाग बायका-मुलांसाठी आणि एक भाग महागड्या गोल्ड नोल कार्डवाल्यांसाठी राखीव असतो. चुकीच्या डब्यात उभं राहिलं तर १०० दिरहम दंड. गाडीत आणि स्थानकात खाणं, पाणी पिणं, च्युइंगम चघळणं, यालाही १०० दिरहम. नाना सवयीने सुपारी तोंडात टाकायला निघाले होते, मी हात धरला.

तीन खाचखळगे लक्षात ठेवा. रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, इतर दिवशी पाचला, त्यामुळे लांबची सहल रविवारी नको. स्थानकांची नावं प्रायोजक कंपन्यांप्रमाणे बदलतात. जुन्या लेखांत 'अल फहीदी' म्हणून दिलेलं स्थानक आता 'शरफ डीजी' आहे. आणि रस्ता ओलांडायचा तो पट्ट्यांवरून किंवा पुलावरूनच, मधूनच ओलांडल्यास ४०० दिरहमपासून दंड आहे.

४. पहिला दिवस खाडीवर काढा

सगळे जण पहिल्या दिवशी बुर्ज खलिफाकडे धावतात. माझं ऐका, पहिला दिवस खाडीला द्या. आपल्या माणसांना हे शहर इथूनच कळतं.

सकाळी आठच्या सुमारास शरफ डीजी स्थानकावर उतरून अल फहीदीच्या जुन्या वस्तीत चालत जा. बोळ अरुंद, सावलीचे, भिंती जाड. इराणच्या किनारपट्टीवरून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही घरं बांधली. त्यांच्या मूळ गावावरून, बस्तकवरून, वस्तीला बस्तकिया हे नाव पडलं. घरांवरचे चौकोनी उंच मनोरे म्हणजे बरजील: वरून वारा पकडायचा आणि खालच्या खोलीत सोडायचा. कुठल्या तरी मनोऱ्याखाली दोन मिनिटं नुसते उभे राहा, डोक्यावर झुळूक येते. विजेच्या आधी माणसं इथे कशी राहिली, हे आईला मला समजावून सांगावंच लागलं नाही.

तिथून कापड बाजारातून पुढे गेलं की खाडीचा धक्का लागतो. इथे अब्रा म्हणजे लाकडी होडी. पाठीला पाठ लावून प्रवासी बसतात, एका माणसाला १ दिरहम, पाच-दहा मिनिटांत पलीकडे देरा. सुटे नाणे हातात ठेवा. धक्क्यावर अख्खी होडी तासाने भाड्याने देणारेही भेटतात. ती वेगळी गोष्ट आहे, हवी असेल तरच घ्या आणि भाव आधी ठरवा. आम्ही एक-एक दिरहम देऊन चार वेळा ये-जा केली, कारण नानांना उतरायचंच नव्हतं.

होडीत मी त्यांना सांगितलं की १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर भारतीय रुपया चालत होता. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढत असे. दुबईला तेल सापडलं तेही १९६६ मध्येच. त्याआधीचं शहर म्हणजे हीच खाडी, मोती, मासळी आणि मुंबईशी चालणारा व्यापार. तेव्हापासून नाना या गावाला 'परदेश' म्हणायचे थांबले.

पलीकडे मसाल्यांचा बाजार आणि सोनेबाजार. केशर घेताना भाव निम्म्यावरून सुरू करा. सोन्याचा दर ठरलेला असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. आणि परतीचा विचार आधी करा: भारतात दागिने विनाशुल्क नेण्याची सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना आहे. महिनाभरासाठी आलेल्या आई-वडिलांना ती लागू होत नाही. आईच्या हातात नव्या बांगड्या घालून तिला विमानात बसवणारे मी पाहिले आहेत. त्या माउलीला विमानतळावर उत्तरं द्यायला लावू नका.

बारा वाजले की घरी. जेवण वाटेत मीना बाजार किंवा करामा भागात करा. शाकाहारी थाळी सहज मिळते.

५. उंच इमारती: एक संध्याकाळ पुरते

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि खालून, फुकट पाहिला तरी छाती दडपते. वर जायचं असेल तर तिकीट ऑनलाइन आधी काढा, सूर्यास्ताची वेळ सगळ्यात महाग. दुबई मॉल स्थानकापासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूल बराच लांब आहे, गुडघे दुखणाऱ्यांना तो मॉलच्या आत शिरण्याआधीच थकवतो. आईसाठी आम्ही टॅक्सीने थेट दारात उतरलो. उंचावरून शहर पाहण्याची हौस कमी खर्चात भागवायची तर झबील बागेतली १५० मीटरची दुबई फ्रेम बरी: एका बाजूला जुनं शहर दिसतं, दुसऱ्या बाजूला नवं.

६. अबू धाबी: वार नीट निवडा

इब्न बतूता मेट्रो स्थानकाला लागूनच बस स्थानक आहे. तिथून ई१०१ क्रमांकाची बस, किंवा बर दुबईतल्या अल घुबैबा स्थानकातून ई१००. भाडं २५ दिरहम, नोल कार्डावर. घरातून निघण्याआधी कार्डात जाण्या-येण्याचे दोन्हींचे पैसे भरून घ्या.

वारांचा घोळ समजून घ्या. सोमवारी लूव्र संग्रहालय बंद, सोमवारीच स्वामिनारायण संप्रदायाचं बीएपीएस हिंदू मंदिरही बंद. शुक्रवारी शेख झायेद मशीद दुपारी बारा ते तीन पर्यटकांना बंद. म्हणून मंगळवार ते गुरुवार किंवा शनिवार.

दुसरी फसगत अशी की अबू धाबीच्या शहर बसला नोल चालत नाही. तिथे 'हाफिलात' नावाचं वेगळं कार्ड लागतं. आम्ही हे ठाऊक नसताना भर उन्हात थांब्यावर उभे होतो. तीन-चार जण असाल तर सरळ टॅक्सी करा.

शेख झायेद मशीद: प्रवेश विनामूल्य, पण ऑनलाइन नोंदणी आधी हवी. ८२ घुमट, संगमरवराचं अंगण, आत हाताने विणलेला प्रचंड गालिचा. पोशाखाचे नियम कडक आहेत. बायकांचं डोकं झाकलेलं, बाह्या मनगटापर्यंत, कपडे सैल आणि पायघोळ. साडीत पोट आणि दंड उघडे राहतात म्हणून साडी चालत नाही. आयत्या वेळी आईला "हे नाही चालणार" असं अनोळखी माणसाकडून ऐकावं लागू नये म्हणून मी आधीच बाजारातून एक साधा अबाया आणला आणि घरी घालून दाखवला. तिला तो आवडला, विशेषतः खिसे. पुरुषांनी पूर्ण पँट घालावी. आत चालणं खूप आहे, चालवत नसेल तर प्रवेशद्वाराशी विजेवरच्या गाडीची चौकशी करा.

मशीद आणि मंदिर, किंवा मशीद आणि लूव्र. तिन्ही एका दिवसात नकोत. मंदिर अबू मुरैखा इथे, दुबई-अबू धाबी रस्त्याच्या बाजूला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं, सात अमिरातींसाठी सात शिखरं आहेत. तिथेही आधी नोंदणी करून जा. लूव्रच्या १८० मीटर व्यासाच्या घुमटातून ऊन झिरपत खाली येतं, तेवढ्यासाठीसुद्धा जावं, पण चित्रं-शिल्पं पाहण्यात रस नसलेल्या वडिलांना तिथे ओढून नेऊ नका.

७. वाळवंट, शारजा, हत्ता

वाळवंट सफारीची गाडी टेकड्यांवरून उड्या मारते. पाठीचं दुखणं, हृदयविकार, गर्भारपण असेल तर ती नकोच. सफारीवाल्याला सांगून 'टेकड्यांवरची धावाधाव वगळून फक्त छावणी' असं ठरवता येतं. नोंदणी करतानाच लेखी निरोपावर ठरवा, गाडीत बसल्यावर कोणी ऐकत नाही. ज्यांना शांतपणे वाळू पाहायची आहे त्यांनी मित्राच्या गाडीतून अल कुद्राच्या तळ्यांकडे सकाळी लवकर जावं. प्रवेश फुकट, पक्षी भरपूर. शहरातच रोहित पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात रास अल खोर.

शारजाला युनियन स्थानकातून ई३०३ बस जाते. इस्लामी संस्कृतीचं संग्रहालय आणि त्याभोवतीचा जुना भाग अर्ध्या दिवसात होतो. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची आहे, आणि पोशाखाबाबत दुबईपेक्षा जास्त जपावं लागतं.

हत्ता डोंगरात आहे, धरणावर कयाक चालवतात. दुबई मॉलच्या बस स्थानकातून एच०२ बस, २५ दिरहम. आत फिरायला एच०४. तरुण मंडळींना फार आवडतं. भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर एक सावधगिरी: मदामवरून जाणारा जुना रस्ता मध्येच ओमानच्या हद्दीतून जातो. मलैहावरून जा. आणि पावसाचा इशारा असेल त्या दिवशी डोंगरातल्या कुठल्याही वाडीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, उतरू नका. पाणी वाहत असताना वाडीत शिरल्यास २००० दिरहम दंड आहे, आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. एप्रिल २०२४ मध्ये अल ऐनजवळ एका दिवसाच्या आत अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता.

८. अल ऐन: एकच सहल करायची असेल तर ही

हे मी शेवटी ठेवलं आहे, कारण यावर मला जास्त बोलायचं आहे.

अल घुबैबा स्थानकातून ई२०१ बस, २५ दिरहम, साधारण दोन तास. सकाळची लवकरची बस पकडा. अल ऐनच्या बस स्थानकापासून खजुरांची बाग, म्हणजे ओॲसिस, चालत जाण्याइतकी जवळ आहे. प्रवेश विनामूल्य.

आत १ लाख ४७ हजार खजुराची झाडं आहेत, जवळजवळ शंभर जातींची. मातीच्या बुटक्या भिंतींमधून पायवाटा जातात. बाहेर फुफाटा, आत गारवा. खजुरांच्या सावलीत आंबा, केळी, लिंबू, अंजीर लावलेले. आणि पायवाटेच्या कडेने अरुंद पाट वाहतात.

या पाटाला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातलं पाणी शोधून, जमिनीखालून हलक्या उताराने, पंप न लावता मैलोगणती आणायचं आणि शेताशी आल्यावर उघड्या पाटात सोडायचं. अल ऐनच्या हिली भागात सापडलेला फलज सुमारे तीन हजार वर्षं जुना आहे. २०११ मध्ये युनेस्कोने इथल्या बागा आणि पुरातन स्थळं जागतिक वारशात घेतली.

नाना पाटाशी उकिडवे बसले. एका खाचेत दगड आणि कापडाचा बोळा लावून पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं होतं. ते म्हणाले, "बारं देताहेत." आमची जमीन पांझरा नदीच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यात आहे. तिथेही तीन-चारशे वर्षं बंधाऱ्याचं पाणी पाळीने मिळतं, पाटकरी ठरवतो कुणाचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, कधी. तिथल्या बागेत काम करणारा एक माणूस उर्दूमिश्रित हिंदीत बोलत होता. नानांनी त्याला विचारलं, पाणी कुणाला किती, हे कसं ठरतं? तो म्हणाला, वेळेने, आणि ज्याची वेळ त्याचंच पाणी, मालक कितीही मोठा असला तरी. पूर्वी या भागात दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ती वेळ मोजत. दोघं अर्धा तास बोलत बसले. आई शेजारी सावलीत बसून डबा सोडत होती. दुबईत महिनाभरात नाना इतके बोलले नव्हते.

म्हणून अल ऐनला घाई करू नका. बागेत किमान दोन तास काढा. पायात बूट घाला, सोबत पाणी घ्या. झाडांचं फळ तोडू नका, त्या खासगी बागा आहेत. तिथे काम करणाऱ्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं इथे गुन्हा ठरू शकतो, बायकांच्या बाबतीत तर फारच जपा.

दुपारी जवळचा अल जाहिली किल्ला पाहा. १८९० च्या दशकातला, मातीच्या विटांचा, जाड भिंतींमुळे आत थंड. उन्हाची वेळ तिथे छान निघून जाते. चारनंतर टॅक्सीने जबल हफीत. १२०० मीटरहून उंच डोंगर, माथ्यापर्यंत वळणावळणाचा उत्तम रस्ता. एक चूक टाळा: वर सोडून टॅक्सी परत पाठवू नका, वर दुसरी मिळायची शाश्वती नाही. थांबण्याचे पैसे ठरवून तीच ठेवा. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरल्याउतरल्याच स्थानकावर विचारून घ्या, आणि तिच्या आधीची बस आपली म्हणून धरा. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी रांग मोठी असते. आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा नानांच्या हातात खजुराचा किलोभर डबा होता, बस स्थानकाजवळच्या दुकानातून घेतलेला. गावी पाटकऱ्याला द्यायचा म्हणाले.